शब्दचर्चा: 'सररिअल' कॉमेडीला मराठीत नेमकं काय म्हणायचं?

गेले काही आठवडे मी टीव्हीवरची जुनी स्केचेस, म्हणजे छोटे विनोदी प्रसंग, परत बघत बसलेय. पुठ्ठ्याचा सेट, तीनचार नट, काय चाललंय याचा पत्ता नाही आणि तरी हसून हसून पोट दुखतं, त्या जातीची. कोणी विचारलं काय बघतेस एवढं, तर मला एका शब्दात सांगताच येत नाही. विनोदी म्हणावं तर तो शब्द सगळ्यालाच लागतो, आणि 'सररिअल कॉमेडी' म्हटलं की समोरचा मान डोलावतो पण कळलेलं काहीच नसतं.

पुस्तकी शब्द आहे, 'अतिवास्तव'. भाषांतर म्हणून तो चुकीचा नाही. मूळ फ्रेंच शब्द 'स्युररेआलिझ्म', त्यातल्या 'स्युर'चा अर्थ वर, पलीकडे; कवी आपोलिनेरनं १९१७ मध्ये हा अख्खा शब्द पहिल्यांदा वापरला आणि १९२४ मध्ये आंद्रे ब्रतोंनं जाहीरनामा काढल्यावर तो कला-साहित्यातल्या चळवळीचं नाव झाला. संस्कृतात 'अति'लाही पलीकडे हा अर्थ आहेच, अतींद्रिय, अतिक्रमण वगैरे. पण आजच्या मराठी कानाला 'अति' म्हणजे जास्त. अतिवृष्टी, अतिशहाणा, अतिरेक. म्हणून 'अतिवास्तव' ऐकलं की लोकांना वाटतं फारच वास्तववादी काहीतरी असणार, म्हणजे बरोब्बर उलटं.

बोलीतले शब्द घ्यावेत तर आचरट, चक्रम, पाचकळ, येडचाप, भलतंच. सगळे रागावण्याचे शब्द. आचरट हा वागण्याला लागतो, चक्रम माणसाला, पाचकळ तर भिकार कोट्यांना. उरला 'असंबद्ध', आणि परीक्षणांत तोच दिसतो बहुतेक. माझं भांडण त्याच्याशीच आहे, कारण तापात माणूस बरळतो ते असंबद्ध, आणि ही स्केचेस तशी अजिबात नसतात.

'मॉन्टी पायथन्स फ्लाइंग सर्कस' या ब्रिटिश टीव्ही मालिकेतलं १९७० सालचं ते विचित्र चालींच्या मंत्रालयाचं स्केच घ्या. खोटी गोष्ट त्यात एकच आहे, की असं एक सरकारी खातं आहे. ती मान्य केली की पुढचं सगळं एखाद्या खऱ्या कचेरीत घडावं तसं. एक माणूस आपली चाल विकसित करायला अनुदान मागायला येतो, अधिकारी त्याला चालून दाखवायला लावतो, मग सांगतो की तुमची चाल पुरेशी विचित्र नाही, आणि वर तक्रार करतो की गेल्या वर्षी सरकारनं आमच्या खात्यावर संरक्षणापेक्षा कमी खर्च केला, आम्हाला वर्षाला चौतीस कोटी ऐंशी लाख पौंडच मिळतात. यात असंबद्ध काय आहे? एकेक वाक्य आधीच्या वाक्याला घट्ट बांधलेलं आहे. फक्त सगळ्याच्या खाली जमीन नाही. याला शब्द हवाय मला.

प्रतिसाद: कैच्या कै. झालं की. सगळ्यांना कळतं, छोटा आहे, तोंडात बसलेला आहे. उगाच नवा शब्द कशाला पाडायचा?

धागालेखिका: कैच्या कै मलाही आवडतो हो, पण तो आपल्या तोंडून निघणारा उद्गार आहे, त्या वस्तूचं नाव नाही. 'काय कैच्या कै भाव लावलाय' असंही म्हणतोच ना आपण. आणि त्यात बघणाऱ्यानं हात झटकलेले असतात, विषय संपवलेला असतो. मला तर तिथून पुढे बोलायचंय.

प्रतिसाद: धागा वाचून न्यायदर्शनातली, म्हणजे जुन्या भारतीय तर्कशास्त्रातली, उदाहरणं आठवली. शशशृंग म्हणजे सशाचं शिंग, खपुष्प म्हणजे आकाशातलं फूल, वंध्यापुत्र म्हणजे वांझेचा मुलगा. ज्यांचं अस्तित्वच शक्य नाही पण ज्यांच्याबद्दल व्याकरणशुद्ध बोलता येतं अशा गोष्टींची ही ठरलेली उदाहरणं. ही तिन्ही एका श्लोकात गुंफणारं एक सुभाषित आहे, त्याचा भाव असा की मृगजळात आंघोळ करून, डोक्यात आकाशफुलं माळून, सशाच्या शिंगाचं धनुष्य घेऊन हा बघा वांझेचा मुलगा चाललाय. आंघोळ झाली, फुलं माळली, हत्यार घेतलं, निघाला. क्रम अगदी शिस्तीचा आहे, फक्त यातलं काहीच असू शकत नाही. धागालेखिका जे म्हणताहेत की वाक्य वाक्याला बांधलेलं आहे पण खाली जमीन नाही, ते हेच की.

म्हणून 'खपुष्पी विनोद' सुचवतो. उच्चारायला जड आहे हे मान्य.

आणि एका स्केचमधून दुसऱ्यात उडी मारायची पद्धत असते ना, तिच्यासाठी तर शब्द तयारच आहे, बादरायण संबंध! तुमच्या दारात बोरीचं झाड, माझ्या गाडीचं चाक बोरीच्या लाकडाचं, म्हणून आपण नातेवाईक. पायथनवाल्यांचे जोड असेच असायचे. त्यांच्यातला टेरी गिलियम जुनी चित्रं आणि फोटो कापून त्यांची अॅनिमेशन करायचा, त्यात आधीच्या स्केचमधली एखादी फालतू गोष्ट उचलून तिच्यावरून थेट पुढच्यात नेऊन टाकायचा. मालिकेच्या सुरुवातीच्या अॅनिमेशनमध्ये वरून येऊन सगळं चिरडणारा तो पाय ब्रोंझिनोच्या सोळाव्या शतकातल्या पेंटिंगमधला आहे, मदनाचा पाय. कुठला मदन आणि कुठे पाय.

धागालेखिका: वा! बादरायण संबंध मी लगेच उचलला, इतका चपखल बसेल असं वाटलं नव्हतं. खपुष्पी मात्र मला समजावून सांगावा लागेल, आणि समजावून सांगावा लागणारा शब्द म्हणजे पुन्हा 'अतिवास्तव'च.

प्रतिसाद: एक छोटी भर, अॅब्सर्ड आणि सररिअल यांची गल्लत नको. अॅब्सर्डचं मूळ लॅटिन 'अब्सुर्दुस', म्हणजे बेसूर. त्याला विसंगत, असंगत हे शब्द चांगलेच बसतात. पण विसंगती तर सगळ्याच विनोदात असते, तेव्हा वेगळी जात दाखवायला तो शब्द पुरणार नाही.

प्रतिसाद: माझा आक्षेप दुसरा आहे. या प्रकाराचं कौतुक करताना लोक 'कमी पैशात केलं म्हणून भारी' असं म्हणतात ते मला पटत नाही. पैसे नसणं हा काही गुण नव्हे, त्या लोकांना मिळाले असते तर त्यांनी घेतलेच असते. आणि २००७ ते २०१० मधला टिम आणि एरिक या अमेरिकन जोडीचा शो बघा, तिथे खराब व्हिडिओ, भिकार कटिंग, सगळं मुद्दाम बनवलेलं. म्हणजे तो कमी खर्च नाही, कमी खर्चाचा देखावा. अशा वेळी 'लो-बजेट'ला मराठीत काय म्हणणार, चिंधी? टुकार?

धागालेखिका: हा आक्षेप मनापासून आवडला, म्हणून जरा लांब लिहिते.

चिंधी आणि टुकार दोन्ही नकोत, कारण त्यांत करणाऱ्याची लायकी काढलेली असते. मला 'कच्चं' हा शब्द बरोबर वाटतो, आणि गंमत म्हणजे तो 'स्केच' या शब्दातच आहे. स्केच इटालियन 'स्किझ्झो'वरून आलेला आणि त्याच्या मागे ग्रीक शब्द आहे ज्याचा अर्थ आयत्या वेळी, तयारीविना केलेलं. प्रहसन म्हटलं की दशरूपकांपैकी, म्हणजे संस्कृत नाटकाच्या दहा प्रकारांपैकी एक, रीतसर नाट्यप्रकार, त्याला कथानक हवं. स्केचला फक्त एक कल्पना आणि ती संपेपर्यंतचा वेळ लागतो.

आता पैशाचं. तुमचं खरंय, नसणं हा गुण नाही. पण नसण्याचं काय केलं यात फरक पडतो. ब्रिटिश विनोदवीर स्पाइक मिलिगनचा 'क्यू ५' १९६९ च्या मार्चमध्ये बीबीसीवर आला, पायथनच्या काही महिने आधी. त्या मालिकेत नटांच्या कपड्यांना कपडेपटाची लेबलं तशीच लटकत असायची. भाड्याचा कोट आहे हे लपवायचंच नाही. स्केचला शेवट सुचला नाही तर सगळे नट तसेच थांबायचे आणि 'आता काय करायचं, आता काय करायचं' म्हणत कॅमेऱ्याकडे एकेक पाऊल सरकत यायचे. हे बघून पायथनमधल्या मंडळींना वाटलं की आपल्याला करायचं होतं ते यानं आधीच केलं, आणि मग त्यांनी त्याच्याच दिग्दर्शकाला, इयन मॅकनॉटनला, आपल्याकडे आणलं.

किंवा त्या काळची टीव्हीची अडचण बघा. स्टुडिओत व्हिडिओ कॅमेरे आणि बाहेर गेलं की फिल्म, दोन्हीचं चित्र वेगळं दिसायचं, आणि मालिका बघणाऱ्यांनी ते चालवून घ्यायचं हा अलिखित करार होता. पायथनच्या एका स्केचमध्ये एक माणूस इमारतीबाहेर पाऊल टाकतो आणि दचकतो, अरे मी फिल्मवर आहे! परत आत येऊन बाकीच्यांना सांगतो की इमारतीला सगळीकडून फिल्मनं वेढलंय. मग ते घाबरतात, सुटकेचे मार्ग शोधतात, युद्धकैद्यांसारखे. नुसत्या तांत्रिक गरिबीचा तुरुंग करून टाकला त्यांनी. श्रीमंत निर्मितीत हा जोडच दिसला नसता, मग हे सुचलं कोणाला असतं?

१९७५ च्या त्यांच्या सिनेमात घोडे परवडत नव्हते म्हणून नारळाच्या करवंट्या वाजवत चालणारे सरदार आले, हे बहुतेकांना माहीत असेल. माझ्या लेखी त्यातली खरी करामत पुढे आहे, की सिनेमातली पात्रंच वाद घालायला लागतात की या थंड देशात नारळ आला कुठून. म्हणजे परवडत नव्हतं ते झाकलं नाही, त्याच्यावरच प्रश्न विचारला.

यासाठी नाट्यशास्त्रातला एक शब्द मला फार उपयोगी वाटतो. अभिनयाचे चार प्रकार, आंगिक, वाचिक, आहार्य, सात्त्विक. आहार्य म्हणजे वेशभूषा, रंगभूषा, नेपथ्य, सगळं बाहेरून आणून लावलेलं; सात्त्विक म्हणजे आतून आलेला भाव. या स्केचेसमध्ये आहार्य फाटकं असतं आणि सात्त्विक शंभर टक्के. 'द माइटी बूश' या ब्रिटिश मालिकेत नट नोएल फिल्डिंग चंद्र व्हायचा, म्हणजे काय तर तोंडाला दाढीचा फेस फासायचा. बास. पण बोलायचा असा की चंद्राला खरोखर काहीतरी सांगायचंय. त्या फेसामुळे मला चंद्र आणि फेस दोन्ही एकदम दिसतात आणि दोन्ही खरे वाटतात. हुबेहूब चंद्र असता तर मी तो नुसता बघितला असता, इथे तो मला नटाबरोबर मिळून तयार करावा लागतो. हसू त्या करण्यातून येतं असं मला वाटतं. नट जर डोळा मारून 'बघा कसं फालतू आहे ना' असं करायला लागला तर मेलं सगळं, एका क्षणात.

मुद्दाम केलेल्या कच्चेपणाला मी 'ओबडधोबड' म्हणेन आणि खऱ्याला 'कच्चं'. मूर्तिकार ओबडधोबड ठरवून ठेवू शकतो, कच्चं राहून जातं.

प्रतिसाद: आहार्यवालं पटलं. आक्षेप अर्धा मागे.

प्रतिसाद: शब्दांचा धागा आहे तर हेही नोंदवून ठेवू, की या प्रकारानं स्वतःच शब्द दिलेत. इंग्रजी कोशात 'पायथनेस्क' आहे. पायथनमधल्याच टेरी जोन्सला त्याचं वाईट वाटायचं, कारण कुठल्याच साच्यात बसू नये असं काहीतरी करायचं होतं आणि आता त्याचाच साचा झाला, म्हणजे आपण हरलो असं तो म्हणायचा. दुसरा 'स्पॅम'. मूळ डबाबंद मांसाचं नाव, १९७० च्या स्केचमध्ये एका हॉटेलात मेन्यूभर तेच, आणि व्हायकिंग लोक तोच शब्द इतक्यांदा गातात की बाकी काही ऐकूच येत नाही. पुढे इंटरनेटवर नको त्या मजकुराचा पूर आला तेव्हा लोकांना तेच आठवलं. आणि गिडो व्हॅन रॉसमच्या पायथन या प्रोग्रॅमिंगच्या भाषेचं नाव सापावरून नाही, या मालिकेवरून. मला जोन्सचं म्हणणं जास्त लागलं, कारण आपणही इथे तेच करतोय ना, नाव ठेवलं की साचा होणार.

धागालेखिका: हो, ते वाचून मीही दोन दिवस थांबले. पण नाव नसल्यानं तोटा जास्त आहे, कारण मग 'असंबद्ध' म्हणून बाजूला सारलं जातं, आणि ज्यांनी इतकी बारीक बांधणी केली त्यांना 'काय सुचेल ते केलं' असं सर्टिफिकेट मिळतं.

मला सुचलेला शब्द सांगते. अधांतरी. अधांतरी विनोद.

खाली आधार नाही पण वस्तू पूर्ण आहे, मोडकी नाही, हे त्यात आलं. फ्रेंच 'स्युर'मधलं वर असणंही थोडं आलं. आणि पायथनची स्केचेस संपतात कशी? पंचलाइन नसतेच. एक कर्नल येतो, हे फारच मूर्खपणाचं झालं म्हणतो आणि बंद करून टाकतो. अधांतरीच सोडतात ना आपल्याला. सुरुवातीला बूड नाही आणि शेवटाला टेकण नाही, दोन्ही एका शब्दात. आधी मी 'बिनबुडाचा' असा विचार करत होते पण त्याला आरोपाचा वास लागलाय.

प्रतिसाद: अधांतरीलाही वास आहेच की, भवितव्य अधांतरी, निकाल अधांतरी, नोकरी अधांतरी. सगळीकडे काळजी.

धागालेखिका: आहे, आणि मला तो चालतो. ही स्केचेस बघताना पोटात तसंच होतं, जिन्यात एक पायरी जास्त आहे समजून पाय टाकावा तसं. फक्त इथे पडत नाही आपण. वाक्यात घालून बघा: 'सुरुवात साधी होती, दुसऱ्या मिनिटाला स्केच अधांतरी झालं.' किंवा 'मला तिचा अधांतरी विनोद आवडतो.' पहिलं मला लगेच पटतं. दुसऱ्यात मात्र अजून अडखळायला होतं, तिथे कोणाला काही बरं सुचत असेल तर लिहा.

प्रतिसाद: काल घरी वापरून बघितलं. बहिणीनं विचारलं काय बघतोयस, म्हटलं अधांतरी स्केचेस. 'म्हणजे खाली काही नसलेली?' म्हणाली आणि शेजारी येऊन बसली. समजावून सांगावं लागलं नाही.