ब्रुनफेल्सियाची नवीन पानं पिवळी पडताहेत, उन्हाळ्याआधी काय करू? मदत हवी आहे (जळगाव)

राम राम मंडळी,
माझ्याकडे कुंडीत ब्रुनफेल्सिया आहे, तेच ते ज्याचं फूल जांभळं उमलतं अन् दोन-तीन दिवसांत फिकट होत पांढरं पडतं, एकाच झाडावर तिन्ही रंग दिसतात. मागच्या वर्षी असं फुललं होतं की गल्लीतल्या बाया बघायला यायच्या. दिवाळीपासून मात्र नवीन पानं पिवळी येताहेत, शिरा हिरव्या आणि मधला भाग पिवळाधमक, जुनी पानं चांगली आहेत. माती शेतातली काळी, त्यात शेणखत, पाणी बोअरचं, बादलीला पांढरा थर बसतो इतकं जड. कीड नाही, पानं उलटून बघितली. एक नर्सरीवाले म्हणतात युरिया टाका, पण मला ते पटत नाहीये, नायट्रोजन कमी असतं तर आधी जुनी पानं पिवळी पडली असती ना? झाड मूळचं ब्राझीलच्या जंगलातलं, मोठ्या झाडांखाली सावलीत वाढणारं, आणि आपल्याकडे मे महिन्यात पारा ४५ च्या घरात, झळा वेगळ्याच. त्याच्या आत ते सावरायला हवं, खूप जीव आहे माझा त्याच्यावर. अजून एक, हे धोतऱ्याच्या कुळातलं आहे, तर कुत्र्याला धोका कितपत? आमचा काहीही चावत बसतो.

उत्तर:
ताई, युरिया नकाच टाकू, तुमचं बरोबर आहे. ही लोहाची कमतरता दिसतेय. काळ्या मातीत चुनखडी, वरून बोअरचं पाणी, मग मातीत लोह असूनही मुळांना उचलता येत नाही, आणि ह्या झाडाला तर थोडी आम्लधर्मी मातीच मानवते. कृषी केंद्रातून चिलेटेड लोह (म्हणजे मुळांना उचलता येईल अशा रूपात बांधलेलं लोह) आणा पण पाकिटावर ईडीडीएचए हा प्रकार लिहिलाय का बघा, स्वस्तातला ईडीटीए प्रकार आपल्या मातीत फारसा टिकत नाही. कोकोपीट आणि कुजलेला पालापाचोळा जास्त घालून कुंडी नव्याने भरा, पावसाचं पाणी साठवता आलं तर सोन्याहून पिवळं. सकाळचं कोवळं ऊन चालेल, दुपारी सावलीच, मार्चपासून ग्रीन नेट बांधा.
कुत्र्याचं मात्र खरंच सिरियस घ्या. सगळंच झाड विषारी, त्यात फळं-बिया जास्त, कुत्र्यांना थरथर सुटते, झटके येतात. कुंडी उंचावर ठेवा, बहर संपला की लगेच छाटा म्हणजे फळ धरणार नाही अन् नवीन फुटीवर फुलंही येतील. चावलंच कधी तर वाट बघत बसू नका, झाडाची फांदी सोबत घेऊन सरळ जनावरांच्या डॉक्टरकडे जा.