संशोधनासाठी घेतलेल्या मुलाखती मशीनकडून उतरवून घ्याव्यात का?

कानसेन

हल्ली पीएचडी करणाऱ्या किंवा संस्थांमध्ये रिसर्चची कामं करणाऱ्या बहुतेकांकडून एकच ऐकतेय, मुलाखत रेकॉर्ड केली, रात्री व्हिस्परला, म्हणजे बोलणं ऐकून त्याचा मजकूर करणाऱ्या सॉफ्टवेअरला, लावली, सकाळी ट्रान्स्क्रिप्ट तयार, वरवर नजर टाकली आणि एनव्हिवो नाहीतर मॅक्सक्यूडीए असल्या सॉफ्टवेअरमध्ये टाकून कोडिंग, म्हणजे मजकुराच्या तुकड्यांना विषयांची लेबलं लावणं, सुरू. मला हे अजिबात पटत नाही. माणसांच्या बोलण्यावर काम करायचं असेल तर निदान पहिल्या काही मुलाखती तरी आपल्याच कानांनी ऐकून आपल्याच हातांनी उतरवायला हव्यात, मशीन आणायचं तर त्यानंतर आणा. वेळ लागतो, मान्य. तासाभराच्या साध्या मुलाखतीला चार ते सहा तास सहज जातात, आणि जेफरसन पद्धतीने बारीक करायचं तर त्याच्या कितीतरी पट.

ज्यांना माहीत नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. गेल जेफरसन या बाईंनी टेपवरचं बोलणं कागदावर आणायची चिन्हं बसवली. कंसातला आकडा म्हणजे किती सेकंद शांतता, चौकटी कंस म्हणजे दोघं एकदम बोलले, अंशाचं चिन्ह म्हणजे आवाज खाली गेला. सॅक्स आणि शेग्लॉफ यांच्याबरोबर त्यांनी १९७४ साली बोलण्याची पाळी माणसं कशी घेतात यावर जो लेख लिहिला, तो असं ऐकल्याशिवाय लिहिताच आला नसता.

माझ्या कामातलं उदाहरण देते. ऊसतोडीला जाणाऱ्या बायकांच्या आरोग्यावरची मुलाखत. सुनेला विचारलं की कारखान्यावर असताना दुखणं अंगावर काढता का. शेजारी सासू बसलेली. तीच आधी बोलली, "नाय नाय, मुकादम लगीच दवाखान्यात नेतो." तिचं बोलणं चालू असतानाच त्याच्याखाली सुनेचा अगदी बारीक "हां". मग दोन सेकंदांहून जास्त कुणीच काही बोलत नाही. मग सून म्हणते, "नेतो की." ईलॅन या आवाज आणि मजकूर वेळेनुसार जुळवून दाखवणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये दोघींची वेगळी टियर, म्हणजे वेगळी पट्टी, केली की हे सगळं डोळ्यांना दिसतं, कोण कुणावर बोललं, किती वेळ गप्प. मशीनने काय दिलं? "नाही नाही, मुकादम लगेच दवाखान्यात नेतो, नेतो की." एक ओळ, एक माणूस. सासूचं उत्तर सुनेच्या नावावर. आणि ती शांतता कुठेच नाही, माझ्या दृष्टीने तर खरं उत्तर तिथेच होतं.

आकडेमोड

ताई, उदाहरण जबरदस्त आहे पण त्यावरून काढलेला निष्कर्ष मला मान्य नाही. सगळे काही संभाषण-विश्लेषण, म्हणजे बोलण्याची अशी बारीक तपासणी, करत नाहीत हो. रेशन दुकानावर लोकांचं काय म्हणणं आहे, धान्य कमी मिळतं का, मशीनवर अंगठा उठत नाही म्हणून परत पाठवतात का, हे समजून घ्यायला शांतता दशांश सेकंदात मोजायची काय गरज? साठ मुलाखती आहेत, एकेक तासाची, तुमच्या चार तासांच्या हिशेबाने २४० तास झाले. फेलोशिप वेळेवर येत नाही, गाइड चॅप्टर मागतोय, पीएचडी करणाऱ्या मुलीने कधी करायचं हे?

आणि आधीच्या काळी तरी सगळे स्वतः उतरवत होते का? प्रोजेक्टच्या बजेटमध्ये ट्रान्स्क्रिप्शनची एक ओळ असायची, ऑडिओ बाहेर जायचा आणि परत काय यायचं तर थेट इंग्रजी! मराठी, अहिराणी, गोंडी काहीही बोललेलं असो, ऐकणारा मनातल्या मनात भाषांतर करून सरळ इंग्रजीत टाइप करायचा आणि तोच डेटा म्हणून कोड व्हायचा. बाई मूळ काय बोलली ते कुणीच पुन्हा बघायचं नाही. मशीनमुळे निदान मराठीतून बोललेलं मराठीत कागदावर यायला लागलं, चुका असतील पण मराठीत आहे. ही गोष्ट तुमच्या लेखात यायला हवी होती.

टंकलेखिका

मी हेच काम करते, ऑडिओ ऐकून टाइप करून देणे, म्हणून लिहितेय. आकडेमोड यांचं इंग्रजीबद्दलचं अगदी खरं आहे, आम्हाला सांगितलंच जायचं तसं. पण त्यात टाइप करणारीचा दोष काय? ऑडिओ येतो तो व्हॉट्सअ‍ॅपवरून फिरून फिरून आलेला, कुणाची मुलाखत, कुठलं गाव, कुठली बोली, काही सांगत नाहीत, माणसांची आणि गावांची नावं लिहिलेला एक कागदसुद्धा देत नाहीत, मागे कुकर, कोंबड्या, टीव्ही, आणि पैसे ऑडिओच्या मिनिटावर. सूचना एकच, अं अं, हं हं काढून टाका, स्वच्छ करून द्या.

आता नवीनच सुरू झालंय. मशीनचा मसुदा पाठवतात आणि म्हणतात ताई फक्त तपासून द्या, म्हणून रेट निम्मा. तपासणं म्हणजे काय, प्रत्येक ओळ मला ऐकावीच लागते ना? उलट कोऱ्या पानावर मी जे ऐकते ते लिहिते, इथे आधीच छान वाक्य लिहिलेलं समोर असतं त्यामुळे कानाला तेच ऐकू यायला लागतं, त्याच्याशी भांडून खरं ऐकावं लागतं. मागे एका ऑनलाइन सेवेतून आलेला मसुदा होता, मुलाखतीत एक आजी रडत होत्या, बराच वेळ नुसता हुंदक्यांचा आवाज. मसुद्यात तिथे लिहिलेलं, "मला काही त्रास नाही, सगळं चांगलं आहे." कुणीच बोललेलं नाही हे! व्हिडिओला लाइक करा असलं काहीतरी आलं असतं तर कुणाच्याही लक्षात आलं असतं, हे वाक्य इतकं साधं होतं की ऑडिओ न लावता वाचणारा पुढे निघून गेला असता.

गोदाकाठ

टंकलेखिकाताईंनी सांगितलं त्याचं कारण सांगतो, मी याच क्षेत्रात आहे. व्हिस्पर २०२२ च्या सप्टेंबरमध्ये आलं, इंटरनेटवरच्या ६,८०,००० तासांच्या आवाज-मजकूर जोड्यांवर शिकवलेलं, त्यात सिंहाचा वाटा इंग्रजीचा, बाकीच्या ९६ भाषांचं त्या-त्या भाषेतलं मटेरियल सगळं मिळून १,१७,००० तासांच्या आसपास आणि त्यात मराठी अगदीच किरकोळ. ते ३० सेकंदांचा तुकडा घेतं आणि पुढचा शब्द काय असेल याचा अंदाज करत जातं, त्यामुळे आवाज नसला तरी अंदाज चालूच राहतो. २०२४ मध्ये अमेरिकेतल्या संशोधकांनी अफेझियाबँकमधली, म्हणजे मेंदूला इजा होऊन बोलणं अडखळणाऱ्या लोकांची आणि तुलनेला इतरांची रेकॉर्डिंग्ज घेऊन तपासलं, साधारण १ टक्का तुकड्यांमध्ये अख्खी वाक्यं मनाने रचलेली निघाली, आणि ज्यांच्या बोलण्यात थांबे जास्त त्यांच्या वाट्याला हे जास्त आलं.

पण म्हणून हाताने करा हे उत्तर नाही. आधी आवाज कुठे आहे कुठे नाही हे ओळखणारी चाळणी लावा, शांततेचे तुकडे मॉडेलकडे पाठवूच नका. कोण बोलतंय हे वेगळं करायला पायअ‍ॅनोट आहे, नोस्क्राइबमध्ये तर हे सगळं एकत्र बांधून फुकट मिळतं आणि तुमच्याच मशीनवर चालतं. मराठीसाठी आयआयटी मद्रासच्या एआयफॉरभारतची मॉडेलं बघा, सगळ्या २२ अनुसूचित भाषांसाठी आहेत आणि त्यांनी इंडिकव्हॉइसेस या आवाजांच्या संग्रहासाठी लोकांचं उत्स्फूर्त बोलणंसुद्धा गोळा केलंय, नुसतं वाचून दाखवलेलं नाही. आणि कानसेन, तुमचं ईलॅन सोडायची गरजच नाही, व्हिस्पर टॅबने तोडलेली टेक्स्ट फाइल देतं, सुरुवात-शेवट मिलिसेकंदात, ती ईलॅनमध्ये इम्पोर्ट करा, तुकडे आयते मिळतात, मजकूर हवा तर पुसून टाका आणि स्वतः लिहा.

माणदेशी

गोदाकाठ साहेब, "तुमच्याच मशीनवर चालतं" हे तुम्ही किती सहज लिहिलंत! आमच्याकडच्या कॉलेजात एमएसडब्ल्यूच्या, म्हणजे समाजकार्य शिकणाऱ्या, पोरांकडे जुने लॅपटॉप आहेत, ग्राफिक कार्ड नाही, मोठं मॉडेल लावलं तर एका मुलाखतीला रात्र जाते आणि छोटं मॉडेल लावलं तर मराठीचा पार चेंदामेंदा. मग पोरं काय करतात, जी फुकटची वेबसाइट सापडेल तिच्यावर ऑडिओ चढवतात. त्यात गर्भपिशवीच्या ऑपरेशनबद्दल बोललेली बाई आहे, नवरा मारतो म्हणून सांगितलेली बाई आहे, नाव-गावासकट. संमतीपत्रावर तिने अंगठा दिलाय "माहिती गुप्त ठेवली जाईल" या वाक्याखाली. ती फाइल कुठल्या देशातल्या सर्व्हरवर गेली ते त्या पोराला माहीत नाही, गाइडला नाही आणि एथिक्स कमिटी तर विचारतच नाही. आयसीएमआरची, म्हणजे भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेची, २०१७ ची मार्गदर्शक तत्त्वं आहेत, २०२३ चा डेटा संरक्षण कायदा आहे, त्यात संशोधनाला सवलत आहे पण तीही अटींवर आहे. सोय-गैरसोय यावर इथे भरपूर बोलणं झालं, या बाईची परवानगी कुणी घेतली ते आधी सांगा.

बोलीचं वेगळंच. आमच्याकडची म्हातारी माणसं जे बोलतात ते मशीन पुस्तकी करून टाकतं. डेक्कन कॉलेज आणि राज्य मराठी विकास संस्थेने बोलींचं सर्वेक्षण केलं, रेकॉर्डिंग आणि जसं बोलले तसं उतरवलेलं दोन्ही सगळ्यांसाठी खुलं ठेवलंय, एकदा जाऊन ऐका आणि मग आपल्या ट्रान्स्क्रिप्टकडे बघा.

कानसेन

आकडेमोड, इंग्रजीचा मुद्दा तुमचा शंभर टक्के बरोबर, मी तो घेते. पण साठ मुलाखती वेळेत बसत नसतील तर वीस घ्या ना! आपल्याकडे सॅम्पलचा आकडा आधी ठरतो आणि ऐकायला वेळ उरला तर ऐकायचं, हे उलटं आहे. भाषेच्या अभ्यासक एलिनॉर ऑक्स यांनी १९७९ मध्येच लिहून ठेवलंय की ट्रान्स्क्रिप्ट करतानाच आपली सिद्धांताची बाजू ठरत असते, काय लिहायचं काय गाळायचं हे तिथेच ठरतं. तुमच्या रेशनच्याच मुलाखतीत दुकानदार समोर उभा असताना दिलेलं उत्तर आणि घरी दिलेलं उत्तर यातला फरक शब्दांत नसतो, थांबण्यात असतो.

गोदाकाठ, तुकडे मशीनकडून आणि मजकूर हाताने, हे मला चालेल. फक्त पुसताना खरंच पुसा, समोर ठेवून दुरुस्त करू नका, टंकलेखिकाताई सांगतायत तसा कान फसतो. माणदेशी, तुमच्या पोरांना हाताने उतरवायला मदत करणारं ओट्रान्स्क्राइब दाखवा. ब्राउझरमध्ये उघडतं, पण ऑडिओ त्यांच्याच कॉम्प्युटरवर राहतो, एस्केपने थांबवा-चालू करा, एफ१ ने मागे, टाइमस्टॅम्प एका बटणावर. ग्राफिक कार्ड नको, पैसे नकोत.

आकडेमोड

वीस घ्या म्हणणं सोपं आहे. फंडिंग देणारा साठ लिहून मागतो आणि पाच जिल्हे मागतो, वीसवर प्रपोजलच पास होत नाही. मी माझ्या विद्यार्थ्यांना साठच घ्यायला सांगणार आणि मशीनच लावायला सांगणार, फक्त विद्यापीठाच्या लॅबमधल्या मशीनवर, वेबसाइटवर नाही, तेवढं माणदेशींचं मी ऐकतो. प्रत्येक जिल्ह्यातली एक मुलाखत पूर्ण हाताने करायला लावेन, तेवढं तुमचं. आणि टंकलेखिकाताई, पुढच्या प्रपोजलमध्ये तपासणीचा रेट टायपिंगइतकाच लावतोय, सोबत गावांची आणि माणसांची यादी द्यायची अटही घालतो. तुम्ही साधारण मिनिटाला किती घेता ते मेसेज करा.

टंकलेखिका

करते मेसेज. ऑडिओ व्हॉट्सअ‍ॅपवरून पाठवू नका मात्र, रेकॉर्डरमधली मूळ वेव्ह फाइल पेन ड्राइव्हवर द्या. आणि मुलाखतीत सासू जवळ बसली असेल तर तेही यादीत लिहा.