14 मीटर हेड, फेब्रुवारीत आटणारा नाला: पेल्टन, क्रॉसफ्लो की उलटा पंप?

प्रश्न (धारणी तालुका)
सिपना नदीला मिळणाऱ्या नाल्यावर गावापुरतं टर्बाइन बसवायचं आहे. पाण्याच्या नळीने लेव्हल घेतली, हेड (पाणी पडायची उंची) 14 मीटर भरलं. पाइप 90 मीटर लागेल. काडी सोडून वेग मोजला, त्यावरून प्रवाह काढला: ऑगस्टात सेकंदाला 60 लिटर, डिसेंबरात 15, फेब्रुवारीत कोरडा. पेल्टन (धारेच्या माऱ्याने फिरणारं वाट्यांचं चाक), क्रॉसफ्लो (पाणी आरपार जाणारं पात्यांचं पिंप) की सेंट्रिफ्युगल पंप उलटा फिरवावा?

उत्तर १ (अमरावती)
आधी प्रवाह पुन्हा मोजा भाऊ. काडी वरच्या पाण्यासोबत धावते, तळाचं पाणी दगडांत अडखळतं. अशा नाल्यात तो वेग साधारण 0.65 ने गुणावा लागतो. तुमचे 60 मग 39 होतात आणि 15 चे 10. खात्रीसाठी फळीत 90 अंशांची व्ही खाच कापून नाल्यात आडवी बसवा, कडा चिखलाने लिंपा. खाचेच्या टोकापासून पाणी 16 सेंमी वर असेल तर सुमारे 14 लिटर, 20 सेंमीला 25 लिटर. ही उंची फळीच्या मीटरभर मागे मोजा, खाचेपाशी पाणी खाली झुकलेलं असतं.

पेल्टन सोडा. 14 मीटरला जेटचा (नोझलमधून सुटणाऱ्या धारेचा) वेग सेकंदाला साडेसोळा मीटर आणि चाक त्याच्या निम्म्याने फिरतं. 39 लिटरला एकच नोझल ठेवलं तर जेट 55 मिमी, चाक अर्ध्या मीटरहून मोठं, फेरे मिनिटाला 300 च्याही आत. जनरेटरला 1500 लागतात. 20 सेंमी व्यासाचा क्रॉसफ्लो रनर (फिरणारं चाक) याच हेडला 750 च्या आसपास फिरतो, 1:2 च्या पुलीत काम होतं. पावसाळ्यात पावणेतीन किलोवॅट धरा, डिसेंबरात 700 वॅट. त्याहून जास्त कोणी सांगितलं तर हिशेब मागा.

पाइप 200 मिमीचाच घ्या. 39 लिटरला 160 मिमीत घर्षणाने जवळपास 2 मीटर हेड जातं, 200 मिमीत पाऊण मीटरही नाही.

उत्तर २ (परतवाडा)
पंप स्वस्त पडतो आणि कोणताही मोटार-पंपवाला दुरुस्त करतो, म्हणून त्याचा मोह होतो. पण त्याला गाइड व्हेन (पाणी कमी-जास्त करणारी पाती) नसते. प्रवाह निम्म्यावर आला की तो जवळपास काहीच देत नाही, म्हणजे हिवाळा गेला. चांगल्या क्रॉसफ्लोची व्हेन एक तृतीयांश आणि दोन तृतीयांश अशा दोन भागांत असते. पाणी कमी झालं की लहान भागच उघडा ठेवायचा. तरी पंपच घेणार असाल तर पाटीवरचे आकडे जसेच्या तसे धरू नका. 14 मीटर आणि 30 लिटरवर टर्बाइन म्हणून चालवायला पाटीवर साधारण 9-10 मीटर, 20-22 लिटर असलेला पंप लागतो.

उत्तर ३ (चिखलदरा)
मेळघाटात खरा त्रास सागाच्या पानांचा. एक पान तळव्याहून मोठं, जाळीला चिकटलं की पाणी अडतं आणि पाइपात हवा शिरते. जाळी उभी नको, 60 अंशांवर तिरपी ठेवा म्हणजे पानं दाताळ्याने वर ओढता येतात. क्षेत्रफळ गरजेच्या तिप्पट ठेवा. पानगळीत रोज दोनदा साफ करायला माणूस आधी ठरवा, मगच यंत्र आणा.

प्रश्नकर्ता
जनरेटर म्हणून साधी थ्री-फेज मोटर चालेल का?

उत्तर १
चालेल, कपॅसिटर लावून. 1440 फेऱ्यांची मोटर 1550 च्या आसपास फिरवावी लागते, तेव्हा 50 हर्ट्झ मिळतात. लोड कंट्रोलर (उरलेली वीज हीटरकडे वळवणारा) आणि पाण्यात बुडवलेला हीटर मात्र हवाच. रात्री घरं झोपली, लोड सुटला की फेरे दीडपटीच्या वर जातात, व्होल्टेज चढतं आणि दिवे उडतात. शॉर्ट झाला तर उलट होतं: व्होल्टेज बसतं, मोटरचं उरलेलं चुंबकत्वही जातं. मशीन थांबवून, कपॅसिटर सोडवून 12 व्होल्टची बॅटरी एका वाइंडिंगला क्षणभर लावा, पुन्हा उचलते.