महापालिकेची वीज, महापारेषणच्या तारा: वाट मिळते का?

कुपवाडकर: सांगली महापालिकेने बेस्टसारखी वीज कंपनी काढली, तर टॉवरही स्वतःचे लागतील?

तारमार्ग: नाही. बेस्ट मुंबई महापालिकेची, पण वीज येते सामायिक पारेषण जाळ्यातून, म्हणजे सगळ्यांच्या वापरातल्या उच्चदाबाच्या तारांतून. वीज कायदा २००३ प्रमाणे महापारेषणला (राज्याच्या पारेषण कंपनीला) भेदभाव न करता वाट द्यावीच लागते. राज्यातल्या सगळ्या पारेषण कंपन्यांचा मंजूर खर्च एकत्र करतात आणि वितरण परवानाधारकांत कमाल मागणीच्या प्रमाणात वाटतात. म्हणजे पीक (सर्वाधिक मागणी) वाढला की बिलही वाढतं. पण वितरण परवाना हे मोठं लचांड. फक्त कृष्णाकाठचे पंप चालवायचे असतील तर कॅप्टिव्ह सोलर (स्वतःच्या वापरासाठीचा सौर प्रकल्प) बघा.

वारणाकाठ: सहमत. हरित ओपन ॲक्सेसची, म्हणजे दुसरीकडची हरित वीज जाळ्यातून आणायच्या सोयीची, किमान मर्यादा १०० किलोवॅट. एकाच वीज विभागातली कनेक्शनं मिळून धरता येतात, आणि कॅप्टिव्हला १०० किलोवॅटचीही अट नाही. कॅप्टिव्ह ठरायला प्रकल्पात वापरणाऱ्याची मालकी किमान २६ टक्के, आणि तयार विजेचा स्वतःचा वापर वर्षाला किमान ५१ टक्के. खरी गोची वापरातच: पुरात जॅकवेल (नदीचं पाणी उपसायच्या विहिरी) बंद राहिले आणि ५१ हुकले, तर क्रॉस सबसिडी अधिभार (इतर ग्राहकांच्या स्वस्त विजेसाठीचा जादा आकार) बसतो. म्हणून प्रकल्प बेतानेच घ्या. शिवाय १५ मिनिटांच्या ब्लॉकचं, म्हणजे दर १५ मिनिटांचा वापर नोंदवणारं, मीटर आधी बसवा, अर्ज बहुधा तिथेच अडतो.

कुपवाडकर: मग आधी पंपांची १२ महिन्यांची युनिटं काढतो.