'डबल इन्डेम्निटी' गच्चीवर दाखवायचाय: १९४४ चा की टीव्हीवाला?

बर्डीचा_बाबू
आमच्या त्रिमूर्तीनगरच्या गच्चीवर उन्हाळ्यात शनिवारी रात्री चादर बांधून सिनेमा दाखवतो. या वेळी 'डबल इन्डेम्निटी' ठरलाय, विम्याच्या पैशासाठी केलेल्या खुनाचा जुना हॉलिवूड सिनेमा. पण पोट्टे म्हणून राहिले, ब्लॅक-अँड-व्हाइट नको. १९७३ चा टीव्हीसाठी केलेला रंगीत रिमेक आहे, सव्वा तासात आटपतो. तोच लावू का? दोन्ही पाहिलेत कोणी?

सदरवाला
लावा बिनधास्त. स्टोरी तीच. रिचर्ड क्रेना, सामंथा एगर आणि विमा कंपनीत क्लेम तपासणाऱ्या कीजच्या रोलमध्ये ली जे. कॉब. कॉब काही पडेल नट नाही.

क्लेमवाले_काका
थांबा भाऊ. माझी अख्खी नोकरी विम्याच्या क्लेम खात्यात गेली, त्यामुळे मला या सिनेमाचा हीरो तो खून करणारा विमा एजंट नेफ वाटतच नाही, कीज वाटतो. रुळावर मेलेल्या माणसाबद्दल कंपनीचे साहेब म्हणतात आत्महत्या, आणि कीज त्यांना आकडेवारीच ऐकवतो: विष घेऊन किती, उडी मारून किती, त्यातही कशावरून उडी. पण ताशी १५ मैलांनी चाललेल्या रेल्वेगाडीच्या शेवटच्या डब्यामागून उडी मारून कोणी जीव दिल्याची एकही नोंद नाही! १९४४ च्या सिनेमातला कीज, एडवर्ड जी. रॉबिन्सन, हे एका दमात बोलतो. फायली चाळलेल्या माणसालाच कळेल त्यात काय मजा आहे.

आता रिमेक. कॉब चांगला आहे, मान्य. पण जुन्याचा दिग्दर्शक बिली वाइल्डर आणि लेखक रेमंड चँडलर यांची पटकथा जवळपास तशीच घेतली आणि १०७ मिनिटांची सव्वा तासात कोंबली. वर टीव्हीचा लख्ख उजेड. जुन्यात लाकडी पट्ट्यांच्या पडद्यातून उन्हाचे पट्टे नेफच्या अंगावर पडतात. नेफच सांगतो, हे सगळं मे-अखेरीस सुरू झालं. मे महिन्याच्या दुपारी दारं-खिडक्या लावून बसणाऱ्या नागपूरकराला ती खोली समजावून सांगावी लागते का? तुमच्या पोट्ट्यांना पाच मिनिटांत रंग आठवणारही नाही.

आणि ते दार बघाच. कीज नेफच्या फ्लॅटमधून निघतो, तेव्हा खुनातली नेफची साथीदार फिलिस बाहेर कॉरिडॉरमध्ये उघड्या दाराआड लपून उभी. फ्लॅटचं दार असं बाहेर उघडत नसतं, वाइल्डरनं ते मुद्दाम उलटं लावलं. मला हे माहीत असूनही दर वेळी श्वास अडकतो.

धरमपेठची_मुलगी
म्हणजे टीव्हीवाले सगळेच रिमेक भंगार का काका? केट विन्स्लेटची 'मिल्ड्रेड पिअर्स' ही टीव्ही मालिका काहून विसरता?

क्लेमवाले_काका
विसरलो नाही, माझ्याच बाजूची साक्ष आहे ती. त्याच नावाच्या १९४५ च्या सिनेमात सुरुवातच खुनानं होते. जेम्स एम. केनच्या १९४१ च्या कादंबरीत तो खूनच नाही! दिग्दर्शक टॉड हेन्सनं २०११ मध्ये एचबीओ चॅनेलवर पाच भाग केले, ते कादंबरी धरून. खून काढला, गल्ल्यांमधले अंधार काढले, ठेवली ती आई, तिची पोरगी आणि मंदीतलं हॉटेल. सिनेमाची नक्कल करायला तो गेलाच नाही, म्हणून जमलं. 'डबल इन्डेम्निटी'ही केनचीच कादंबरी. १९७३ वाल्यांना तीच वाट मोकळी होती, पण त्यांनी वाइल्डरचाच कागद उचलला.

सदरवाला
काका, सव्वा तासात पोट्टे जागे तरी राहतील. तुमच्या १०७ मिनिटांत अर्धे घरी जातील.

बर्डीचा_बाबू
जाऊ दे गेले तर. १९४४ चाच लावतो. काका, शनिवारी या, तो आकडेवारीचा सीन झाला की दोन मिनिटं थांबवून तुम्हीच बोला. सबटायटल इंग्रजीच मिळाले, चालतील ना?

क्लेमवाले_काका
चालतील. पण मधे थांबवायचं नाही. जे बोलायचं ते संपल्यावर.