आईसाठी पादचारी पूल मागू की सिग्नल?

वारजेकर: सोसायटीसमोर सहापदरी रस्ता, पलीकडे आईची बँक आणि वाणी. वय 71, एक गुडघा बदललेला. दुभाजकापर्यंत पोचते तोच हिरवा माणूस लुकलुकायला लागतो आणि दुचाक्या अंगावर येतात. महिनाभर ती समोर जायला रिक्षा करतेय, यू-टर्न घेऊन! रविवारी मीटिंग आहे, नगरसेवकांना अर्ज द्यायचाय. बहुतेकांना पादचारी पूल हवाय. मला पटत नाहीये, पण मुद्दा मांडता येईना.

नकाशेवाली: रस्त्यांची ड्रॉइंग काढण्यावरच माझं पोट आहे, म्हणून सांगते. पूल मागू नका. खालून ट्रक जायला साडेपाच मीटर उंची सोडावी लागते, म्हणजे चाळीसेक पायऱ्या वर आणि तेवढ्याच खाली. बदललेल्या गुडघ्यानं?
सिग्नलची वेळ काढताना माणूस सेकंदाला 1.2 मीटर चालतो असं धरतात. 24 मीटर रस्त्याला 20 सेकंद. आई 0.8 नं चालत असतील तर 30 हवेत. भांडण त्या 10 सेकंदांचं आहे. टेपनं रुंदी मोजा, मोबाइलवर आईंची वेळ लावा, दोन्ही आकडे अर्जात घाला. आणि क्रॉसिंग फुटपाथच्या उंचीवर मागा. उतरचढ नको, गाड्यांचा वेगही मोडतो.

रोजचा_प्रवासी: अजून 10 सेकंद लाल? रांग पार माळवाडीपर्यंत जाईल. ऑफिसला आम्ही उडत जायचं का?

सोलहून_परत: पुण्यातल्या विद्यापीठ चौकातले उड्डाणपूलही ट्रॅफिकसाठीच होते ना? 2020 मध्ये आपणच पाडले. सोलमध्ये चंगेछन ओढ्यावरचा उन्नत रस्ता 2003 मध्ये पाडायला घेतला, 2005 मध्ये खालचा ओढा खुला केला. तिथून दिवसाला दीड लाखावर गाड्या जायच्या. पण नुसता रस्ता पाडला नाही; मधल्या काळात, 2004 मध्ये, बसला रस्त्याच्या मधोमध वेगळी लेन दिली, बस-मेट्रोचं भाडं एकत्र केलं. आपले लोक नुसते ओढ्याचे फोटो फॉरवर्ड करतात. (तिथले फेरीवाले हटवले गेले, ते दुखणं वेगळंच.)

वारजेकर: आज पहाटे रस्ता रिकामा असताना मोजलं. 26 मीटर. आईला 34 सेकंद लागले. सिग्नलचा हिरवा 18, म्हणजे 1.2 च्या हिशेबानंही कमीच! पुलाचं विचारलं तर म्हणाली, "त्यापेक्षा मी बँकच बदलते."