हुगळीकाठच्या श्रीरामपुरात मराठी व्याकरण का छापले गेले?

प्रश्न: इंग्रज मिशनरी विल्यम कॅरीचे मराठी व्याकरण 1805 मध्ये बंगालमधील श्रीरामपूर येथे छापले गेले, असे वाचनात आले. कोलकाता इतके जवळ असताना हे काम तिथे का झाले? त्या काळाच्या खुणा आज पाहता येतात का?

प्रतिसाद 1: कारण राजकीय होते. 1755 मध्ये डेन्मार्कच्या व्यापाऱ्यांनी बंगालच्या नवाबाच्या परवानगीने तेथे वखार घातली आणि ठाण्याला फ्रेडरिकनगर असे नाव दिले. ईस्ट इंडिया कंपनीला आपल्या मुलखात मिशनरी नको होते, त्यामुळे कॅरीचे मिशनरी सहकारी मार्शमन व वॉर्ड यांनी 1799 मध्ये डॅनिश निशाणाखाली आश्रय घेतला, कॅरी पुढच्या वर्षी त्यांना येऊन मिळाला आणि 1800 मध्ये छापखाना सुरू झाला. गंमत अशी, की ज्या कंपनीला हे लोक नकोसे होते, तिच्याच फोर्ट विल्यम कॉलेजात कॅरी पुढे मराठी शिकवू लागला.

प्रतिसाद 2: वरील माहितीत कॅरीचेच नाव ठळक दिसते, मला ते अपुरे वाटते. त्याच्या मराठी कामामागे वैजनाथ पंडित होते आणि छापखान्यासाठी खिळे (छपाईची सुटी धातूची अक्षरे) कोरणारे पंचानन कर्मकार व त्यांचे जावई मनोहर हे कसबी बंगाली कारागीर होते. व्याकरणातील मराठी मजकूर देवनागरीत आहे, पण 1810 च्या शब्दकोशात मराठी शब्द मोडीत छापले आहेत; म्हणजे दरम्यान मोडीचे खिळे पाडावे लागले. वळणावळणाने, हात न उचलता लिहायची ही लिपी सुट्या खिळ्यांत बसवणे किती जिकिरीचे असेल, हे मोडी वाचणाऱ्याला सांगायला नको. 1812 च्या आगीत छापखान्याचे फार मोठे नुकसान झाले, तरी काम थांबले नाही.

प्रतिसाद 3: पाहण्याजोगे पुष्कळ आहे. सेंट ओलाव्ह चर्चच्या दर्शनी भागावर डेन्मार्कचा राजा सातवा ख्रिश्चन याची राजमुद्रा आहे. अलीकडे या चर्चचा जीर्णोद्धार झाला. नदीकाठची 1786 मधली डेन्मार्क टॅव्हर्न पडझडीतून सावरून 2018 मध्ये पुन्हा उघडली. 1845 मध्ये डेन्मार्कने हे गाव तमिळनाडूतल्या आपल्या तरंगंबाडी या ठाण्यासह साडेबारा लाख रुपयांना कंपनीला विकले. हावड्याहून लोकलने जावे आणि 1818 मध्ये स्थापन झालेल्या श्रीरामपूर कॉलेजसाठी जास्त वेळ राखून ठेवावा, कारण कॅरीच्या नावाचे ग्रंथालय तिथेच आहे.